मोरांचं हेल्मेट

"हात लावू नकोस, अजून ओलं आहे."

मी हात मागे घेतला. ओट्यावर एक पातेलं उपडं घातलेलं होतं आणि त्यावर माझं हेल्मेट. आदल्या संध्याकाळी कामावरून येऊन खुंटीला अडकवलं तेव्हा ते काळंकुळकुळीत होतं. आता त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मोर उभा होता, मोरांचे पिसारे मागे जाऊन एकमेकांत मिसळले होते आणि पुढे, काचेच्या बरोबर वर, एक टपोरं लाल कमळ उमललं होतं.

"आई, हे कधी केलंत तुम्ही?"

"पहाटे जाग आली, मग म्हटलं पडून काय करायचं." सासूबाई चहा ढवळत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, पण सगळं लक्ष माझ्याकडेच होतं. "आवडलं नाही का?"

"छान आहे. खरंच खूप छान झालंय."

खोटं बोलत नव्हते. मोर इतके जिवंत होते की काचेवर चोच मारतील असं वाटावं. सिडकोतल्या आमच्या घरी आई रंगकामाचे वर्ग घेत. माठ, काचा, साड्यांचे पदर, दिवाळीच्या पणत्या, जे हाताला लागेल त्याच्यावर त्या रंग चढवत. आमच्या फ्रिजच्या दारावर हरणं होती. गॅसच्या सिलिंडरवर जास्वंदीची वेल होती आणि सिलिंडर परत न्यायला आलेला माणूस दर वेळी, "वहिनी, हे नेऊ का खरंच?" असं विचारायचा.

पण माझ्या कुठल्याही वस्तूला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आई मुळात कमी बोलायच्या. रागावून नव्हे, स्वभावच तसा. मी माहेरून माझी मोटरसायकल घेऊन आले होते, स्वतःच्या पगारातून घेतलेली, आणि तिच्यावरून रोज अंबडच्या कारखान्यात जायचे. त्याबद्दल त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त मी निघाले की गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या आणि परतायच्या वेळीही तिथेच असायच्या. सूनबाई किती वाजता जाते आणि किती वाजता येते यावर लक्ष आहे, असं मी आपलं धरून चालले होते. गाडीवर मागे बसा म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मी रिक्षाने येते. मी घसरते."

त्यामुळे हे मोर म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदाच काहीतरी केलं होतं.

"रंग धरला कसा पण याच्यावर? हे तर गुळगुळीत होतं," मी सहज म्हटलं.

आईंचा चेहरा खुलला. कामाबद्दल विचारलं की त्या बोलत. "तीच तर युक्ती आहे. आधी पॉलिशपेपरने घासून घेतलं. मग थिनरने चांगलं दोन-तीनदा पुसलं. थिनर कसं जरा मऊ करतं वरचा थर, मग रंग आत बसतो. आता जन्मात निघायचा नाही."

मी वाकून हेल्मेट पुन्हा नीट बघितलं.

आता हे सांगायला हवं की मी कारखान्यात करत काय होते. आमच्याकडे गाड्यांच्या दिव्यांची आवरणं बनत आणि मी ती तपासायच्या विभागात होते. ती आवरणं पॉलिकार्बोनेटची असत. प्लास्टिकच ते, पण मोठं चिवट. जमिनीवर आपटा, वर उभे राहा, फुटत नाही. माझ्या हेल्मेटचं कवचही त्याचंच होतं, आणि ते मी मुद्दाम निवडून घेतलं होतं. हलकं, मजबूत, मानेला त्रास नाही. पण या चिवट पोराचं एका गोष्टीशी वाकडं, आणि ती म्हणजे थिनर. मागे एकदा कोणीतरी आवरणांवरचे पेनाचे डाग थिनरने पुसून टाकले होते. दिसायला लख्ख झाली आवरणं, आणि गाडीत बसवताना स्क्रू आवळला की तडातड फुटायला लागली. तेव्हापासून आमच्या विभागात थिनरची बाटली आणायलाच बंदी होती.

आणि आईंनी ते दोन-तीनदा पुसलं होतं. चांगलं.

"आज बसने जा," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत वाळेल."

रात्रीच्या जेवणानंतर मी प्रफुल्लला, माझ्या नवऱ्याला, गच्चीवर गाठलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे ते हेल्मेट बाद?" तो म्हणाला.

"कदाचित काही झालंही नसेल. बाहेरून तर काही दिसत नाही. पण आत बारीक तडे गेले असतील तर पडल्यावरच कळणार. डोक्यावर 'कदाचित' घालून कोण फिरणार?"

"मग सांग आईला."

"तू सांग. तुझी आई आहे."

"सून तू आहेस, हेल्मेट तुझं आहे आणि प्लास्टिकमधलं तुला कळतं," प्रफुल्ल म्हणाला. "मी बँकेत आहे." मग जरा गंभीर झाला. "हे बघ, दहावीला मी पहिला आलो होतो वर्गात, तेव्हा माझ्या कंपासपेटीवर तिने एक फूल काढून दिलं होतं. एक. तुला दोन मोर आणि कमळ मिळालंय."

हे ऐकल्यावर तर माझी जीभच उचलेना.

मग मी एक शक्कल लढवली. प्रफुल्लचं कॉलेजच्या वेळचं एक हेल्मेट माळ्यावर पडून होतं. फायबरचं, जड, खरचटलेलं, पण कधी न पडलेलं आणि धडधाकट. आमच्या गल्लीच्या टोकाला बोरशांची पिठाची गिरणी होती. बोरसेदादा भला माणूस, उगाच चौकशा न करणारा. मी रोज सकाळी मोरांचं हेल्मेट घालून ऐटीत निघायचे, गॅलरीतून आई बघायच्या, मी गिरणीपाशी वळायचे, मोर खुंटीला अडकवायचे, फायबरचं डोक्यावर चढवायचे आणि पुढे जायचे. संध्याकाळी उलटं.

एवढंच की गिरणीत पीठ उडतं. फायबरच्या हेल्मेटातून रोज थोडंथोडं पीठ माझ्या केसांत उतरायचं. कारखान्यात मैत्रिणी विचारायच्या, "हर्षदा, भाकरी करून आलीस की डोक्यावर थापून आलीस?" घरी एकदा आईंनी माझ्या भांगाकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी काही न बोलता आवळ्याचं तेल आणून ठेवलं.

हे असं कितीही दिवस चाललं असतं. पण मोर जसे आईंना आवडले तसे ते गल्लीलाही आवडले.

एका संध्याकाळी घरी आले तर गॅलरीत हेल्मेटांची रांग. खालच्या मजल्यावरच्या पगारेकाकू चहा पीत बसल्या होत्या.

"ये गं," काकू म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईंना म्हटलं, सुनेला एवढं सजवलंत, आमच्या मोठ्याने काय पाप केलंय? त्याला गरुड पाहिजे."

"आणि हे?" मी बाकीच्यांकडे बोट केलं.

"ते सूर्यफुलांचं, समोरच्या दीपालीचं. ते वाघाचं. आणि ते जोशीसरांचं, त्यांना नुसता ॐ हवाय, साधा," आई म्हणाल्या. त्यांच्या गालाला निळा रंग लागला होता. इतक्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "गरुड झाला. सूर्यफुलांचं पुसून ठेवलंय, सवडीने बसते."

मी एकेक हेल्मेट उचलून आतलं लेबल बघितलं. सगळी प्लास्टिकची. खोलीत थिनरचा वास दरवळत होता आणि पगारेकाकू म्हणत होत्या की त्यांचा मोठा रविवारी मित्रांबरोबर सापुताऱ्याला निघालाय, गरुड घालून.

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. माझ्या डोक्यापुरतं मी गिरणीत लपवलं होतं, पण गल्लीची डोकी कुठे लपवणार? दुसऱ्या दिवशी, शनिवारी, साहेबांना विचारून मी कारखान्यातून बाद मालातल्या पॉलिकार्बोनेटच्या काही पट्ट्या पिशवीत घातल्या. संध्याकाळी जेवणाआधी आईंना शांतपणे दाखवायचं, असं मनाशी ठरवलं आणि वाटेत वाक्यं जुळवत आले. गिरणीपाशी थांबले तर खुंटी रिकामी.

"वहिनी, ताई घेऊन गेल्या की," बोरसेदादा म्हणाले. ते फार आनंदात होते. "बाजरी घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, ताई, सूनबाईंचं हेल्मेट अगदी जपून ठेवतो बरं, पीठ बसू नये म्हणून वर पिशवीसुद्धा घालतो."

घरी आले तर जेवणाच्या टेबलावर मधोमध मोर ठेवलेले. पलीकडे आई बसलेल्या. प्रफुल्ल दाराशी उभा राहून पेपर वाचत होता, आणि पेपर उलटा होता.

"बोरसे म्हणाले, रोज ठेवतेस तिथे," आई म्हणाल्या.

"हो."

"आवडलं नव्हतं तर सांगायचं होतंस. मी काही रागावले नसते. मला वाटलं, तू रोज घालतेस. चार जणींना सांगत सुटले मी, माझी सून मिरवते म्हणून." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

जुळवून आणलेली सगळी वाक्यं मी विसरले. "आई, मला ते आवडलंय. आवडलंय म्हणूनच सांगता आलं नाही. तुमच्याकडे वरवंटा आहे ना?"

"काय?"

"वरवंटा. आणि तुमची थिनरची बाटली, आणि थोडा कापूस."

त्यांना वाटलं असणार की मुलीचं डोकं फिरलं. पण उठल्या आणि सगळं घेऊन आल्या. मी पिशवीतून एक पट्टी काढून जमिनीवर ठेवली.

"हे माझ्या हेल्मेटचं मटेरियल. मारा याच्यावर."

आईंनी वरवंटा हळूच टेकवला.

"तसं नाही. सुकं खोबरं फोडताना मारता तसं मारा."

त्यांनी मारला. खाली पगारेकाकूंच्या घरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. पट्टी जशीच्या तशी. आईंनी आणखी दोनदा मारला, मग प्रफुल्लने पेपर टाकून येऊन मारला. पट्टीवर खूण उठली, पण ती काही फुटली नाही.

"आता बघा." मी दुसरी तशीच पट्टी दोन्ही हातांनी धनुष्यासारखी वाकवून धरली. "थिनरचा बोळा फिरवा वरून. जोर लावू नका, नुसता फिरवा."

आईंनी कापूस भिजवला आणि पट्टीवरून फिरवला, पणतीला पहिला हात द्यावा तितक्या हलक्या हाताने. क्षणभर काहीच झालं नाही. मग पट्टीच्या अंगावर पांढऱ्या केसांसारख्या रेषा उमटल्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि तड्‌ करून पट्टीचे माझ्या हातात दोन तुकडे झाले.

आईंनी एक तुकडा उचलला, त्याची कड बोटाने चाचपली, मग टेबलावरच्या मोरांकडे बघितलं.

"वरचा थर मऊ होतो असं मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या.

"कापडावर, मातीवर, लाकडावर थिनर काही करत नाही. याच्यावर करतं. कारखान्यात रंगवतात तेव्हा याला चालणारे वेगळेच रंग असतात. हे तुम्हाला कळणार कसं?"

"तू हे घालून कामावर कधीच गेली नाहीस?"

"नाही. फक्त गिरणीपर्यंत."

मला वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल. पण आई ताडकन उठल्या. इतक्या दिवसांत न चढलेला आवाज आता चढला.

"गिरणीपर्यंत? म्हणजे घालून गेलीस ना? तो वळण घेणारा पाण्याचा टँकर, ती मोकाट जनावरं, शाळेच्या रिक्षा, सगळं आपल्या दारापासून गिरणीपर्यंतच तर आहे! माहीत होतं तुला, आणि रोज, रोज हे डोक्यावर घातलंस? का? माझं मन राखायला? माझ्या मनाला काय झालं असतं गं? दोन दिवस फुगून बसले असते मी! कवटी फुटली असती तर तिच्यावर काय मोर काढत बसले असते?"

मी प्रफुल्लकडे बघितलं. त्याने पेपर पुन्हा उचलला. या वेळी सरळ धरला होता.

आईंनी गॅलरीतून सूर्यफुलांचं पुसलेलं हेल्मेट उचललं, ते काखेत मारलं, चप्पल घातली आणि जिना उतरू लागल्या. पट्ट्यांची पिशवी घेऊन मी मागोमाग. पगारेकाकूंनी दार उघडलं.

"तुमच्या मोठ्याचं हेल्मेट द्या. मी ते बिघडवलंय," आई म्हणाल्या.

"बिघडवलंय? अहो, काय सुंदर गरुड आहे! कालपासून डोक्यावरून काढला नाही पोराने."

"म्हणूनच म्हणते द्या."

"काही झालं तरी देणार नाही," पगारेकाकू हसत म्हणाल्या. त्यांना वाटलं, आई कुठेतरी रंग कमी-जास्त झाला म्हणून विनय करताहेत. मग आईंनी माझ्याकडे हात पसरला. मी पिशवीतून पट्टी दिली, बाटली त्यांच्या पदराखाली होतीच, आणि पगारेकाकूंच्या दारात, त्यांच्या मोठ्याच्या देखत, सगळा प्रयोग पुन्हा झाला. या वेळी पट्टी आईंनी वाकवली. तड्‌ आवाज झाला तसा मोठा स्वतःच आत गेला आणि गरुड घेऊन आला.

दीपालीकडेही तेच झालं. वाघ आणि ॐ यांना अजून हात लागला नव्हता, ती हेल्मेटं धडधाकट परत गेली. जोशीसरांनी तर प्रयोग दोनदा करायला लावला आणि सोमवारी शाळेत मुलांना दाखवतो म्हणून दोन पट्ट्या मागून घेतल्या.

बिघडलेल्या हेल्मेटांच्या बदली नवी आपणच घेऊन देणार, असा आईंचा हट्ट होता. म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघी शालिमारजवळच्या तांबोळींच्या दुकानात गेलो. मी गाडीवर, आई रिक्षाने. दुकानात छतापर्यंत हेल्मेटं टांगलेली होती. तांबोळी पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, हसतमुख गृहस्थ होते.

"या, बोला, कसलं दाखवू?"

"सगळ्या प्रकारची दाखवा," आई म्हणाल्या आणि पर्समधून थिनरची बाटली काढून काउंटरवर ठेवली. "मला बघून घ्यायचंय."

तांबोळींचं हसू जागच्या जागी गोठलं. "काकू, ती बाटली आत ठेवा. हात जोडतो. ही सगळी विकायची आहेत."

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. तांबोळी आधी हसले, मग थांबले, मग म्हणाले, "गिऱ्हाईक स्टिकर लावतं, पेट्रोलने पुसतं, काय काय करतं. तुम्ही निदान विचारायला आलात." आणि त्यांनी एकेक हेल्मेट खाली उतरवायला सुरुवात केली.

"हे साधं प्लास्टिक. हलकं, स्वस्त, गावात फिरायला ठीक. हे पॉलिकार्बोनेट, त्याच्यापेक्षा बरंच चिवट, मार बसला की जरा दबतं, पण सहजी फुटत नाही. या दोघांना थिनर, पेट्रोल, कसलेही उग्र पदार्थ लावायचे नाहीत. हे फायबर. आणि ते वरचं कार्बन, ते शर्यतवाल्यांचं. फुलासारखं हलकं आणि सोन्यासारखं महाग."

आईंनी फायबरचं हातात घेतलं. टिचकी मारली. टण्‌ असा आवाज आला. प्लास्टिकच्याला मारली, तो ठप्प आला. त्यांनी दोन्ही आवाज पुन्हा ऐकले, मान कलती करून, माठ घेताना ऐकतात तसे.

"हे बनवतात कसं?"

"काचेच्या धाग्याचं कापड असतं, काकू. त्याचे थरावर थर, आणि मध्ये राळेसारखं चिकट द्रव्य. वाळलं की दगड."

"म्हणजे कापड आणि खळ," आई म्हणाल्या. "आणि पॉलिकार्बोनेट?"

"ते वितळवून साच्यात."

"बादलीसारखं."

"अगदी. पण चांगल्या घरातली बादली," तांबोळी म्हणाले. "फायबरला मार बसला की थर तडकतात, सुटतात, आणि त्या तडकण्यातच धक्का पसरून जातो. मग ते हेल्मेट गेलं म्हणायचं, पण डोकं राहतं. वजन मात्र जास्त. ज्याला त्याला मानवेल ते घ्यावं. मापाचं बसलं पाहिजे आणि पट्टा लावला पाहिजे, नाहीतर कार्बनचं काय आणि पातेलं काय, सारखंच."

"फायबरवर रंग चालतो?"

"चालतो. मुंबईचे लोक रंगवून घेतात. फक्त आतल्या थर्माकोलला थेंबही लागू द्यायचा नाही, तो विरघळतो."

आईंनी लगेच मला फायबरचं घालायला लावलं. मी मान हलवून बघितली. आठ तास उभं राहून आवरणं तपासल्यावर हे वजन नको वाटायचं, प्रफुल्लच्या हेल्मेटवरून मला ते चांगलंच कळलं होतं. पण आईंच्या डोळ्यांपुढे मोर नाचत होते, ते मला दिसत होतं.

"चालेल," मी म्हटलं.

"चालेल काय चालेल? गिरणीचा धडा विसरलीस?" आई म्हणाल्या. "खरं सांग."

"जड आहे. मला पॉलिकार्बोनेटच बरं पडतं."

"मग तेच घे. रंगवायचं नाही. संपलं." त्या तांबोळींकडे वळल्या. "हिला पॉलिकार्बोनेटमध्ये पिवळं दाखवा. नाहीतर नारिंगी. कारखान्यातूनच रंग होऊन आलेलं. लांबून दिसेल असं. काळं सोडून काहीही."

"काकू, काळं सगळ्यात जास्त खपतं. मळत नाही."

"तेच तर." आई काउंटरवर कोपर टेकून त्यांना सांगू लागल्या, जणू मी तिथे नव्हतेच. "ही सकाळी गेली की संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मोटरसायकलची फार भीती वाटते मला. तिला बोलले नाही कधी, पोरीचा हात चांगला आहे गाडीवर, उगाच कशाला तिच्या मनात भीती घालायची? संध्याकाळी गॅलरीत उभी राहते. अंबडकडून सगळ्या कारखान्यांची माणसं एकदम सुटतात. नुसती काळी डोकी. प्रत्येक डोकं मला हिचंच वाटतं. आली म्हणून आत जाऊन चहाचं आधण ठेवते, बघते तर ते पुढे निघून गेलेलं. पुन्हा गॅलरी, पुन्हा आधण. म्हटलं, दोन मोर काढावेत, म्हणजे चौकातूनच ओळखता येईल."

मी पाठमोरी होऊन भिंतीवरची हेल्मेटं बघायला लागले. तांबोळींनी माझ्यासमोर एक पिवळंधमक हेल्मेट आणून ठेवलं, हळदीने भरलेल्या वाटीसारखं. मी ते घातलं, पट्टा लावला, काच खाली केली. काच खाली होती तेच बरं होतं.

"दिसेल," आई म्हणाल्या. "आता पगारेकाकूंच्या मोठ्याला एक आणि दीपालीला एक. आणि तांबोळी, ते फायबरचं पांढरं बाजूला काढा. माझ्या मापाचं."

"तुमच्या?" मी काच वर केली.

"का? मला डोकं नाही?"

त्या हेल्मेटवर त्यांनी काय काढावं यावर घरात आठवडाभर चर्चा चालली. शेवटी त्यांनी कोणाचंच न ऐकता करडईची शेतं काढली, काट्यांसकट, माहेरच्या गावाकडची. आतल्या थर्माकोलवर जुन्या साडीचा बोळा ठासून बसवला होता आणि थेंबभर रंग आत जाऊ दिला नव्हता. आणि ते वाळल्यावर एका दुपारी, पंचवटीत बहिणीकडे जायचं होतं तेव्हा, रिक्षा बोलावू का विचारलं तर त्या येऊन माझ्या गाडीपाशी उभ्या राहिल्या.

बसायला वेळ लागला. पदर खोचला, पुन्हा सोडला, पुन्हा खोचला. एका बाजूला पाय घेऊन बसल्या आणि मागचा दांडा दोन्ही हातांनी असा धरला की गाडीच उचलून नेतील. त्रिमूर्ती चौकापर्यंत श्वास घेतला की नाही कोण जाणे. मी इतकी हळू चालवत होते की सायकली पुढे जात होत्या.

मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा शेजारी एक स्कूटर येऊन उभी राहिली. तिच्यावरचे गृहस्थ आईंच्या हेल्मेटकडे टक लावून बघत होते.

"मावशी, झकास आहे हो. कुठे रंगवून मिळतं?"

आईंनी काच वर केली. "आधी तुमच्याला टिचकी मारा."

"अं?"

"टिचकी, टिचकी. हेल्मेटला मारा आणि ऐका."

गृहस्थांनी भर सिग्नलला स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारली.

"टण्‌ की ठप्प?"

"ठप्प," ते जरा विचार करून म्हणाले.

"मग तुमचं रंगवायचं नाही. जन्मात नाही. का ते ऐका..."

दिवा हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, पण गृहस्थ काही ऐकायचे थांबेनात. पुढच्या सिग्नलला ते पुन्हा शेजारी हजर, आणि त्याच्या पुढच्याही. द्वारका चौक येईपर्यंत त्यांना फायबर समजलं होतं आणि आई कार्बनवर आल्या होत्या. बोलताना हातवारे करायला त्यांनी मागचा दांडा कधीच सोडून दिला होता. एक हात हवेत होता आणि दुसरा माझ्या खांद्यावर.

मग ते गृहस्थ हात हलवून डावीकडे वळले. रस्ता मोकळा झाला. खांद्यावरच्या हाताने मला दोनदा थोपटलं.

"हर्षदा, जरा पळव ना गं," आई कानाशी ओरडल्या. "सगळे पुढे चाललेत आपल्या!"